यकृताचा डबा

शनिवारी संध्याकाळी भगीरथ विशे घरी आला तेव्हा त्याच्या हातात स्टीलचा एक डबा होता आणि तो खाली ठेवायला तो तयार नव्हता. चपला काढताना त्याने डबा डाव्या हातात घेतला, पाय धुताना उजव्या हातात घेतला, आणि आईने पाण्याचा तांब्या पुढे केल्यावर आपल्याला तिसरा हात नाही हे ध्यानात येऊन तो तसाच उभा राहिला.

"काय हाय त्यात?" सुंदराबाईंनी विचारलं.

"लिव्हर."

सुंदराबाईंनी तांब्या खाली ठेवला. "कुणाचा?"

"कुणाचं नाही गं आई. मी केलंय."

भगीरथ हा धसईजवळच्या त्या वाडीतला पहिला डॉक्टर. पण तो औषध देत नसे. तो पदार्थविज्ञान शिकला, त्यात त्याने डॉक्टरेट मिळवली, आणि ती मिळाल्यावर आता शिकणं संपलं असं सगळ्यांना वाटत असतानाच मुंबईच्या एका संशोधन संस्थेत त्याचं पुढचं शिक्षण सुरू झालं. याला पोस्ट-डॉक्टरल म्हणतात, म्हणजे डॉक्टर झाल्यानंतरचं. डॉक्टर झाल्यानंतर माणूस दवाखाना टाकतो अशी वाडीची समजूत होती. त्यामुळे गेली सहा वर्षं सुंदराबाईंना पाणवठ्यावर, लग्नात, धसईच्या बाजारात एकच प्रश्न येई: तुझा भगी डॉक्टर आहे म्हणजे कसला? एकदा त्यांनी "फोटोचा" असं सांगून पाहिलं. तेव्हापासून दोन घरांनी बारशाला त्याला कॅमेऱ्यासकट बोलावलं होतं.

खरं काम असं होतं. पोटाच्या आत गाठ असली तर पोट न कापता, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत, एक लांब सुई नेमकी त्या गाठीपर्यंत न्यायची. तालुक्याच्या डॉक्टरांनाही हे जमायला हवं. पण सराव कशावर करणार? जिवंत माणसं सरावाला तयार होत नाहीत. म्हणून नकली यकृत. भगीरथने तीन वर्षांत आठ यकृतं बनवली होती आणि ती आठही डॉ. देवस्थळींनी नापास केली होती. देवस्थळी हे परीक्षण समितीचे. आठव्या यकृताकडे त्यांनी पडद्यावर अर्धा मिनिट पाहिलं आणि विचारलं, "हा साबण का?"

डब्यातलं नववं होतं. चायना ग्रासचा घट्ट पांढरा थर, पडद्यावर दाणेदार दिसावं म्हणून त्यात इसबगोल, आणि गाठी म्हणून आत तीन उकडलेले वाटाणे. सोमवारी सकाळी दहाला शहापूरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात शिबिर होतं. दोन तालुक्यांतले अठरा डॉक्टर येणार होते, देवस्थळी स्वतः येणार होते, आणि त्या दिवशीच्या त्यांच्या शेऱ्यावर भगीरथची मुदतवाढ ठरणार होती. शेरा वाईट आला तर एक तारखेपासून भगीरथ नुसताच डॉक्टर उरणार होता. शहापूर घरून जवळ, म्हणून तो यकृत घेऊन घरी आला होता. हा त्याचा पहिला हुशार निर्णय.

दोन हजार सहा सालचा मे महिना होता. वीज असण्याची वेळ वर्तमानपत्रात छापून यायची आणि वीज ती वाचत नसे. उष्णतेने यकृत पाणी सोडतं, मग त्याला भेगा पडतात. भगीरथ दर दहा मिनिटांनी डब्याला हात लावून बघायचा. शेवटी सुंदराबाई म्हणाल्या, "अरे, सकूबायच्या फ्रीजमधी ठेव ना. रघू बरफाची लादी आणून टाकतं त्यात."

शेजारच्या सकुबाईंच्या रघूचं थंड पेयांचं दुकान होतं. त्यांच्या फ्रीजला विजेशी फारसं देणंघेणं नव्हतं. भगीरथने डब्याचं झाकण पांढऱ्या चिकटपट्टीने चारी बाजूंनी बंद केलं, वर इंग्रजीत 'यकृत, क्रमांक नऊ' अशी चिठ्ठी लावली, आणि आईला दोनदा बजावलं की फ्रीजचं दार सारखं उघडू नका म्हणून सांग, गारवा जातो.

सुंदराबाई डबा घेऊन गेल्या तेव्हा सकुबाईंची म्हैस नेमकी वीत होती. सकुबाई गोठ्यात, रघू गोठ्यात, आणि सून रुपाली गोठ्याच्या दारात कंदील धरून. सुंदराबाईंनी स्वतःच डबा फ्रीजमध्ये ठेवला आणि रुपालीला सांगितलं की हा भगीचा आहे, सोमवारी नेईल, दार सारखं उघडू नका. रुपालीने मान हलवली. तेवढ्यात रेडकाचे पाय दिसले आणि तिच्या डोक्यातून डबा निघून गेला. फक्त दाराचं तेवढं राहिलं.

रविवारी पहाटे सकुबाईंनी चीक ठेवायला फ्रीज उघडला. आत शेजारचा डबा. सुंदराबाईंचे डबे त्या ओळखत होत्या. हा नवा होता, पण झाकणाला बांधलेलं फडकं सुंदराबाईंच्या जुन्या लुगड्याचं होतं. त्या भागात शेजारणीचा डबा घरात आला म्हणजे त्यात काहीतरी खायला पाठवलेलं असतं, याला दुसरा अर्थ नाही. सकुबाईंनी पट्टी हळूच सोडवली. आत पांढरं, गुळगुळीत, बोट लावलं की थरथरणारं.

त्या थोडा वेळ फ्रीजसमोर बसून राहिल्या. सुंदराकडे म्हैस नाही. गाय आहे ती भाकड. म्हणजे हा विकतचा. मुंबईत म्हैस न विता खरवस मिळतो हे त्यांनी ऐकलं होतं, त्यावर विश्वास ठेवला नव्हता. आणि आता, ज्या दिवशी त्यांच्या स्वतःच्या दारात म्हैस व्यायली त्याच दिवशी शेजारणीने तो मुंबईचा खरवस पाठवला होता. सकुबाई शांत स्वभावाच्या. त्यांनी एवढंच ठरवलं की खरवस कशाला म्हणतात ते या बाईला एकदा कळू दे.

नववं यकृत त्यांनी परातीत उपडं केलं, चव घेतली, दोन मुठी साखर भुरभुरवली आणि जो दिसेल त्याच्या हातावर ठेवलं. मग डबा घासला. भांडं रिकामं परत करण्याची त्यांच्या घरात रीत नव्हती. त्यांनी पहिल्या धारेचा चीक घेतला, जुना गूळ घातला, वेलची आणि जायफळ घातलं, डब्यातच वाफवला. मुंबईवाल्यांनी पट्टी लावली होती त्या अर्थी तिचा काही उपयोग असणार, म्हणून थंड झाल्यावर ती पट्टी होती तशीच, न वाचता आलेल्या चिठ्ठीसकट, चारी बाजूंनी लावली. फडकं बांधलं. डबा फ्रीजमध्ये. म्हटलं, भगी जायला निघाला की रुपाली नेऊन देईल.

रविवारी भगीरथ स्वस्थ बसला नाही. सकाळी तो सकुबाईंकडे गेला आणि रुपालीला विचारलं, डबा आहे ना. ती म्हणाली आहे. दुपारी पुन्हा गेला. चार वाजता तिसऱ्यांदा गेला आणि म्हणाला, एकदा बघतो.

रुपाली फ्रीजला पाठ लावून उभी राहिली. "भावोजी, तुमीच सांगितला ना दार उघडू नका."

त्याने फक्त फ्रीजला बाहेरून हात लावला. गार होता. परत जाताना त्याला ओट्यावर बसलेले रघूचे वडील, बाळारामबाबा, भेटले. बाबांचं पोट गेली तीन वर्षं धड नव्हतं आणि भेटणाऱ्या प्रत्येकाला ते त्याची हकिगत सांगत. त्या दिवशी मात्र ते काहीतरी चघळत होते आणि त्यांनी दातातून एक वाटाणा काढून बाजूला ठेवला. भगीरथला वाटलं, उसळ असेल.

सोमवारी साडेसहाची धसई-मुरबाड गाडी. रुपालीने डबा दारात आणून दिला. पट्टी जागेवर, चिठ्ठी जागेवर. सुंदराबाईंनी वरून आणखी एक फडकं घट्ट बांधलं. मुरबाडला त्याने शहापूरची गाडी धरली, खिडकीची जागा मिळवली, डबा मांडीवर घेतला, वर ओला पंचा टाकला. मग पंचा काढला. मग पुन्हा टाकला.

सरळगावला लहानी नावाची एक बाई चढली. डोक्यावर करवंदांची टोपली, शहापूरच्या बाजाराला निघालेली. ती त्याच्या शेजारी टेकली, टोपली पायाशी ठेवली आणि दोनदा नाक ओढलं.

"चीक हाय ना डब्यात?"

"नाही. लिव्हर आहे."

पुढच्या बाकावरचा पागोटेवाला वळला. कंडक्टर तिकिटं फाडायचा थांबला.

"कुणाचा?" त्याने विचारलं.

"कुणाचं नाही. मी केलंय."

याने कोणाचं समाधान झालं नाही. पागोटेवाला उठून ड्रायव्हरजवळ जाऊन उभा राहिला आणि त्याच्यामागे आणखी दोघे गेले. कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला. भगीरथ घाईघाईने सांगू लागला की हे नकली आहे, डॉक्टरांच्या सरावासाठी आहे, सुई टोचायला आहे. जितकं सांगावं तितकी त्याच्याभोवतीची जागा मोकळी होत गेली. एकटी लहानी हलली नाही.

"म्हस व्यायली हाय कुठं तरी," ती शांतपणे म्हणाली. "जायफल बी हाय. लिवर नाय ते."

भगीरथला ती अडाणी वाटली. किन्हवलीपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला. पण एव्हाना त्याच्याही नाकाशी काहीतरी येत होतं, आणि डब्यावर दोन माश्या बसल्या होत्या. आजवरच्या आठ यकृतांवर कधी माशी बसली नव्हती.

किन्हवलीला गाडी चहाला दहा मिनिटं थांबली. त्याने उतरून टपरीच्या बाकावर डबा ठेवला, दाताने गाठ सोडली, पट्टी ओढली, झाकण काढलं. आत पिवळसर, तजेलदार, कडेने सुटलेला खरवस होता. वर जायफळाची पूड. मधोमध अर्धा बदाम.

तो बाकावर बसला आणि लगेच उठला. घड्याळात सव्वाआठ. घरी परत जायचं तरी दोन तास, आणि जाऊन आणणार काय? टपरीवर पिवळ्या डब्याचा फोन होता. त्याने रघूच्या दुकानात फोन लावला. रघूने आईला बोलावलं.

"कसा झालाय?" सकुबाईंनी विचारलं. त्या सकाळपासून याच फोनची वाट बघत असाव्यात.

"काकी, डब्यात आधी जे होतं ते कुठे आहे?"

"खाल्ला. भगी, वाईट वाटून घेऊ नको, पन तो काय खरवस नाय. गोडी नाय, वास नाय. आनि वाटाणे घालतंय का कोन?"

"किती जणांनी खाल्लं?"

"धा-बारा जनांनी. आमी घरातली, नांगराची मानसं. म्हाताऱ्यानं दोनदा घेतला."

यकृत टिकावं म्हणून त्यात एक जंतुनाशक घालायचं असतं, आणि ते माणसाने खायचं नसतं. मग त्याला आठवलं: ती बाटली आलीच नव्हती. त्याने ती जानेवारीत मागवली होती, आणि संस्थेच्या खरेदी विभागाने गेले चार महिने तिचा कागद तीन सह्यांसाठी फिरवत ठेवला होता. त्या खात्याला त्याने या चार महिन्यांत मनातल्या मनात जे जे म्हटलं होतं ते सगळं त्याने मागे घेतलं. आख्खी आळी त्या तीन सह्यांनी वाचवली होती.

राहिला इसबगोल. दोन डबे.

"काकी, सगळ्यांना पाणी द्या. भरपूर."

"का रे?"

"द्या. आणि आज कोणाला लांब पाठवू नका."

"रघू सकाळीच गेला व्हता," सकुबाई म्हणाल्या, "अर्ध्या वाटंतनं परत आला." आणि फोन बंद झाला.

भगीरथ परत आला तेव्हा लहानी बाकाशी उभी राहून डब्यात बघत होती. "बोलली व्हती ना मी," असं काही ती म्हणाली नाही.

आता करायचं काय, हा प्रश्न फार अवघड नव्हता, कारण करण्यासारखं एकच होतं. देवस्थळींसमोर रिकाम्या हाताने उभं राहण्यापेक्षा काहीतरी घेऊन उभं राहावं. पण यकृतात गाठी हव्यात. गाठीशिवाय सुई कुठे नेणार? भगीरथची नजर टोपलीकडे गेली.

"तीन करवंदं द्याल?"

"तीन?" लहानीला हा माणूस एकूणच बिघडलेला आहे याची आता खात्री पटली. "पान भरून घे की."

"तीनच. टणक बघून."

पेनाच्या टोपणाने त्याने खरवसाच्या कडेला तीन भोकं पाडली, एकेक करवंद आत सरकवलं आणि वरून बोटाने लिंपलं. लहानी सगळं बघत होती.

"खरवसात करवंद? आमच्यात नाय असला."

"या गाठी आहेत," तो म्हणाला.

तिने टोपली उचलली आणि करवंदांचं काही नको म्हणाली. पण चीक मात्र बघून गप्प बसवेना. डब्यातल्या कोपऱ्याला तिने चार बोटं घातली, एक घसघशीत तुकडा मोडून घेतला आणि गाडीत जाऊन बसली. भगीरथ उरलेल्या यकृताकडे बघत राहिला. त्याचा एक कोपरा आता नव्हता. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

शहापूरच्या त्या दवाखान्याच्या हॉलमध्ये अठरा डॉक्टर खुर्च्यांवर बसले होते आणि पंखे बंद होते. जनरेटर सोनोग्राफीच्या यंत्रापुरता होता. डॉ. देवस्थळी चष्मा कपाळावर चढवून पहिल्या रांगेत बसले होते. मांडीवर समितीचा छापील तक्ता. भगीरथने खरवसावर पातळ प्लॅस्टिक ताणलं, बदाम काढून खिशात टाकला, वर जेल लावली आणि यंत्राचा दांडा टेकवला. दांडा घसरत होता म्हणून पडद्यावरचं चित्रही हलत होतं. त्याने तो दोन्ही हातांनी धरला.

पडदा स्थिर झाला आणि मागच्या रांगेतून कोणीतरी "अरे" म्हणालं.

चायना ग्रास फार गुळगुळीत असतो. सकुबाईंचा खरवस तसा नव्हता. वाफेने त्याला बारीक जाळी पडली होती, गूळ कुठे जास्त कुठे कमी होता, आणि पडद्यावर ते सगळं मिळून करड्या रंगाचं, दाणेदार, किंचित ओबडधोबड असं काहीतरी दिसत होतं जे आठ यकृतांत कधी दिसलं नव्हतं. ते यकृतासारखं दिसत होतं. त्यात तीन गोल काळ्या गाठी, आणि गाठींच्या पोटात बारीक पांढरे ठिपके.

देवस्थळींनी चष्मा खाली घेतला. "गाठीत कॅल्शियम जमलेलं दाखवलंय?"

करवंदाच्या बिया पडद्यावर चमकत होत्या. "दिसतंय खरं, सर," भगीरथ म्हणाला.

"आणि हा कोपरा?"

"तो... काढलेला भाग आहे, सर."

"शस्त्रक्रियेनंतरचं यकृत. हं." देवस्थळींनी तक्त्यात काहीतरी लिहिलं. मग ते स्वतः उठले. ते उठत नसत. त्यांनी सुई घेतली, पडद्यावर नजर ठेवून ती आत घातली, अर्ध्यात थांबले, पुन्हा पुढे नेली आणि मधल्या गाठीत टोचली. "हाताला लागतंय," ते इतरांकडे न बघता म्हणाले. "खऱ्यासारखं लागतंय."

मग अठरा जणांनी ओळीने सुया घातल्या. भगीरथ प्रत्येकाजवळ जाऊन उभा राहत होता आणि तिथून लगेच निघत होता, कारण टेबलाच्या पायावरून मुंग्यांची एक रांग वर चढत होती. तो पायाने ती मोडायचा. ती पुन्हा जुळायची. मुरबाडचे डॉ. पष्टे, वय सत्तरच्या आसपास, हे बराच वेळ बघत होते. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी सुई घालायच्या आधी वाकून वास घेतला.

"यकृतात साखर साठते, हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं," ते हळूच म्हणाले. "मुंग्यांनाही शिकवलेलं दिसतंय."

भगीरथने पायाने रांग पुन्हा मोडली.

"कितव्या वेताची?"

"दुसऱ्या," भगीरथने तोंडातल्या तोंडात सांगितलं.

"तरीच." आणि पष्ट्यांनी पहिल्याच प्रयत्नात डावीकडची गाठ टोचली.

शेवटी देवस्थळी तक्ता घेऊन बसले आणि भगीरथला समोर उभं केलं. द्रव्य कोणतं, असा पहिला रकाना होता. भगीरथने येताना गाडीत एक वाक्य तयार केलं होतं, त्यात दुग्धजन्य प्रथिन, नैसर्गिक शर्करा आणि उष्णतेने घट्ट होणारी रचना असे शब्द होते. ते सगळे खरेही होते. पण देवस्थळींनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि त्याला तीन वर्षांतला आठवा साबण आठवला.

"खरवस आहे, सर."

भगीरथने पुढचंही सांगून टाकलं: नववं यकृत शेजारच्यांनी खाल्लं, बदल्यात हे दिलं, गाठी म्हणजे करवंदं, आणि कोपरा एका बाईने मोडून नेला.

देवस्थळींनी आयुष्यभर तक्ते भरले होते. त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि द्रव्यापुढे लिहिलं: खरवस. "स्रोत?"

"म्हैस, सर."

त्यांनी लिहिलं. "स्थानिक आहे, विषारी नाही, आयात करावं लागत नाही. तुम्ही तीन वर्षं साबण का बनवत होतात?" याला उत्तर नको होतं. "वापरानंतर नष्ट कसं करता?"

या रकान्याचा भगीरथने विचार केला नव्हता. पण डॉ. पष्टे चमचा घेऊन आले होते आणि त्यांच्यामागे सतरा जण उभे होते. सुयांची वाट टाळून, मुंग्यांची बाजू सोडून, चार मिनिटांत डबा मोकळा झाला. देवस्थळींनी स्वतः एक चमचा घेतला, तो गिळला आणि लिहिलं: साक्षीदारांसमक्ष.

शेरा असा होता: मुदतवाढ चौदा महिने. अट: याच स्रोतापासून अशी बारा यकृतं तयार करून दाखवावीत.

भगीरथ घरी पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. येताना त्याला शेरा आठवून आनंद व्हायचा आणि लगेच आळीत काय झालं असेल ते आठवून तो जायचा. हातातला डबा रिकामा होता. शहापूरच्या बाजारात लहानी दिसली तेव्हा तिच्याकडून त्याने तो करवंदांनी भरून घेतला होता. सकुबाईंच्या दारात रिकामा डबा घेऊन उभं राहण्याची त्याची हिंमत नव्हती.

सकुबाई ओट्यावर होत्या. शेजारी बाळारामबाबा भिंतीला टेकून बसले होते. चेहऱ्यावर असं काही समाधान की भगीरथ घाबरला.

"काय व्हता रे त्या मुंबईच्या खरवसात?" सकुबाईंनी विचारलं.

"इसबगोल."

"मग तसा बोल की. हा मानूस तीन वर्सांनी हसतंय आज." त्यांनी करवंदं परातीत ओतली. "रघू सकाळपासनं चार वेला धावला, त्याचा सोड. पुढच्या शनवारी येताना आनशील ना? वाटाणे नको घालू."

भगीरथ म्हणाला, आणीन, दर शनिवारी आणीन. मग तो ओट्याच्या कडेवर बसला, पुन्हा उठला, आणि त्याने आपली अडचण मांडली. मला तुमचाच चीक हवा आहे. बारा डबे.

सकुबाई हसल्या. "चीक काय नळाला येतंय? पाच दिवस असतंय. आजचा वाटून झाला. उद्या-परवाचा धर, दोन डबे झाले तर झाले."

"मग पुढे?"

"पुढच्या वेताला."

"कधी?"

सकुबाईंनी गोठ्याकडे पाहिलं, बोटांवर मोजलं. "पंधरा महिने धर. ती मनात आनल तर."

भगीरथने खिशातून शेरा काढला, चौदाचा आकडा पुन्हा वाचला, आणि घडी घालताना त्याच्या हाताला अर्धा बदाम लागला. तो त्याने तोंडात टाकला. मग उठून गोठ्यात गेला आणि म्हशीसमोर जाऊन उभा राहिला. म्हैस रवंथ करत होती. तिला घाई नव्हती.

त्या पावसाळ्यानंतर मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत एक तरुण माणूस दर शनिवारी-रविवारी वही घेऊन फिरताना दिसू लागला. समितीला त्याने पत्र लिहून 'याच स्रोतापासून' ऐवजी 'याच जातीच्या स्रोतापासून' असा बदल मंजूर करून घेतला होता. तो गोठ्याच्या दारात उभा राहून विचारी: कितवं वेत, कधी भरली, कधी विणार. उत्तर वहीत लिहून घेई. अंबर्ज्यापासून तानशापर्यंत कोणत्या घरी कोणत्या महिन्यात रेडकू येणार हे मालकापेक्षा त्याला आधी माहीत असे. हिवाळ्यात म्हसा गावच्या जत्रेत तो तिन्ही दिवस गुरांच्या बाजारातच होता. गाभण म्हशीच्या पोटाकडे तो असा टक लावून, असा कासावीस होऊन बघे की दोन दलालांनी त्याच्या चेहऱ्यावरून भाव ठरवले.

त्याच जत्रेत सुंदराबाईंना धसईकडची एक बाई भेटली. जुनी ओळख. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि तिने तो प्रश्न विचारला, जो ती आधी दोनदा विचारून गेली होती.

"तुझा भगी डाक्टर हाय तो कसला गो?"

सुंदराबाईंनी म्हशींच्या रांगेकडे पाहिलं. भगीरथ एका म्हशीशी वाकून बसला होता, मांडीवर वही, कानावर पेन.

"म्हशींचा," त्या म्हणाल्या.

बाईने त्याच्याकडे पाहिलं, मान डोलावली. तिचा चेहरा मोकळा झाला. "मंग असा सांगायचा ना," ती म्हणाली, "इतकी वर्सं उगाच लपवलंस."